बॅटरीची खतावणी

२०२२ च्या दसऱ्याला आम्ही विजेवर चालणारी मोटार घेतली. हार घालून, चाकाखाली लिंबं चिरडून गाडी सोसायटीच्या फाटकातून आत आणली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून एक शेजारी म्हणाले, "झकास! पण बॅटरी संपली की काय करणार?" त्यांना म्हणायचं होतं, रस्त्यात संपली तर. मला भलतंच ऐकू आलं. बॅटरी कायमची संपली तर?

पेट्रोलची गाडी म्हातारी झाली तरी खोकत-खोकत चालते. मेकॅनिक तिचं इंजिन उतरवतो, रिंगा बदलतो आणि आणखी दोन वर्षं निघतात. या गाडीच्या पोटाखाली दोन-तीनशे किलोंची एक बंद पेटी आहे आणि गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्या पेटीतच अडकलेला आहे. कंपनीनं पेटीची आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी दिली होती. ठीक. पण नववं वर्ष कुणाचं? अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला वस्तूच्या आधी तिचा घसारा दिसतो, आणि ती वस्तू ग्रॅच्युइटीतून आलेली असेल तर झोपेतही दिसतो.

पार्किंगमध्ये माझ्या मीटरवरून पंधरा अँपिअरचा प्लग घेण्यासाठी सोसायटीच्या कमिटीशी जो पत्रव्यवहार झाला, त्यावर एक स्वतंत्र कादंबरिका होईल. राहत्या घरी आपल्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, असं सांगणाऱ्या केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ मधल्या मार्गदर्शक सूचनांची प्रत जोडली, तेव्हा कुठे तो विषय मिटला. प्लग बसला. आता त्याचं करायचं काय, हा प्रश्न सुरू झाला. गाडी रोज लावायची की आठवड्यातून एकदा? पूर्ण भरायची की अर्धी? रात्रभर लावून ठेवली तर चालते का? ज्याला विचारावं तो वेगळं सांगे, आणि प्रत्येक जण छातीठोकपणे सांगे. असं का होतं हे मला फार उशिरा कळलं. आपण प्रत्येक जण आपापल्या जुन्या बॅटरीचा अनुभव नव्या बॅटरीला लावत असतो.

माझी आणि बॅटरीची पहिली ओळख बँकेत झाली. १९९३ साली मी कोकणातल्या एका शाखेत होतो. रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर बँकांत यंत्रं यायला लागली होती. आमच्याकडे लेजर पोस्टिंगचं मशीन आलं आणि त्याच्या मागोमाग यूपीएस आला. स्ट्राँगरूमशेजारच्या बोळात लोखंडी स्टँडवर शिशाच्या काळ्या बॅटऱ्यांची रांग लागली. त्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम शिपायाकडे होतं, आणि तो ते देवाला पाणी घालावं तशा श्रद्धेनं करी. पण पावसाळ्यात वीज चार-चार तास जायची. बॅटऱ्या पार उतरायच्या आणि पुष्कळदा तशाच पडून राहायच्या. दोन वर्षांत सगळी रांग गारद झाली. दुरुस्तीला आलेल्या माणसानं झाकण काढून आतल्या पट्ट्यांवरचा पांढरट थर दाखवला. म्हणाला, "साहेब, हिला उपाशी ठेवलीत की ही दगड होते. कायम पोटभर ठेवायची." शिशाच्या बॅटरीच्या बाबतीत तो शंभर टक्के बरोबर होता. पुढे लोडशेडिंगच्या काळात घरी इन्व्हर्टर घेतला, तेव्हाही हाच उपदेश कामी आला.

दुसरा गुरू भेटला तो मोबाइलच्या दुकानात. पहिला मोबाइल घेतला तेव्हा दुकानदारानं बजावलं होतं, "पहिल्यांदा आठ तास लावून ठेवा. मग पूर्ण उतरल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही, नाहीतर सवय लागते." ती निकेलची बॅटरी होती. त्या जातीत, विशेषतः निकेल-कॅडमियममध्ये, अर्धवट उतरवून पुन्हापुन्हा भरलं तर बॅटरी तेवढ्याच कामाला सोकावते, उरलेली ताकद वापरूच देत नाही. म्हणजे एक म्हणतो उपाशी ठेवू नका, दुसरा म्हणतो उपाशी ठेवल्याशिवाय जेवू घालू नका. आमच्या पिढीच्या डोक्यात हे दोन्ही उपदेश शेजारी-शेजारी नांदत आहेत, आणि नव्या गाडीच्या बॅटरीला दोन्ही लागू नाहीत.

गाडीतली बॅटरी लिथियमची. ही जात सोनी कंपनीनं १९९१ साली बाजारात आणली, म्हणजे आमच्या बोळात शिशाची रांग लागण्याच्या दोन वर्षं आधी. २००१ मध्ये बेंगळुरूहून रेवा ही छोटी विजेची मोटार आली तिच्यातही शिशाच्याच बॅटऱ्या होत्या. लिथियमच्या बॅटरीबद्दल २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं: स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, अकिरा योशिनो आणि जॉन गुडइनफ. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. नोबेल घेणाऱ्यांत सर्वांत वयस्कर. २०२३ साली, शंभरी पूर्ण करून ते गेले. साठीनंतर पहिली कादंबरी छापून आणणाऱ्या माणसाला असल्या माहितीचा आधार वाटतो, म्हणून सांगितली.

या बॅटरीच्या आत काय चालतं ते मी माझ्यापुरतं असं समजून घेतलं आहे. आत दोन फडताळं आहेत. एक ग्रॅफाइटचं, दुसरं धातूच्या संयुगाचं. लिथियमचे कण एका फडताळातून दुसऱ्यात जातात-येतात, मधे एक द्रव आहे. गाडी चार्ज करतो तेव्हा आपण ते कण ग्रॅफाइटच्या खणांत कोंबत असतो. गाडी चालते तेव्हा ते परत जातात. शंभर टक्के भरणं म्हणजे ग्रॅफाइटचं फडताळ ठासून भरणं. त्या अवस्थेत आतला विजेचा दाब सर्वांत जास्त असतो आणि मधल्या द्रवावर ताण येतो. तो द्रव हळूहळू विघटित होतो, ग्रॅफाइटवर त्याचा एक पापुद्रा धरतो, आणि पापुद्रा जाड होताना थोडं-थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. बँकेच्या भाषेत, येणं खात्यावर दिसतं पण वसूल होत नाही. हे काम कमी दाबालाही चालतं, पण सावकाश. भरलेली बॅटरी आणि उन्हाळा हे दोन्ही एकत्र आले की ते वेगानं होतं. मे महिन्यात गाडी शंभर टक्के भरून उघड्यावर आठ दिवस उभी करणं म्हणजे या पापुद्र्याला आमंत्रण.

दुसरं टोकही वाईट. अगदी शून्याजवळ नेऊन तशीच ठेवली तर सेलना इजा होते. तिसरी गोष्ट वेगाची. रस्त्यावरच्या मोठ्या चार्जरवर कण इतक्या घाईनं येतात की काहींना खणात शिरायला वेळ मिळत नाही, ते पृष्ठभागावरच धातू होऊन बसतात. म्हणून तर ऐंशीच्या पुढे गाडी आपण होऊन वेग कमी करते आणि शेवटच्या वीस टक्क्यांना उगीच ताटकळायला लावते. प्रवासात जलद चार्जर वापरावाच लागतो, त्यानं काही आभाळ कोसळत नाही. पण घरी साधा प्लग असताना रोज तिथे जाऊन रांग लावण्यात अर्थ नाही. माझी बॅटरी तीस युनिटांची आहे. घरच्या प्लगवर ती रिकामीची पूर्ण व्हायला साधारण दहा तास लागतात. आपल्याला रात्रभर झोपायचंच असतं.

इतपत ज्ञान मला कॅलिफोर्नियातल्या जावयानं फोनवर दिलं. त्याच्याकडे अशी गाडी पूर्वीपासून होती. शेवटी तो म्हणाला, "बाबा, लक्षात एकच ठेवा. वीस ते ऐंशी. खाली वीस, वर ऐंशी. बाकी विसरा."

मी बाकी खरोखरच विसरलो.

एक डायरी केली. तारीख, किलोमीटर, लावताना किती टक्के, काढताना किती, युनिट किती. माझ्या गाडीत ऐंशीवर आपोआप थांबण्याची सोय नव्हती, म्हणून गजर लावून रात्री अडीच-तीनला उठायचं, चपला घालून खाली जायचं आणि प्लग बंद करायचा. वॉचमन सुरुवातीला दचकून उठायचा, पुढे झोपेतच विचारू लागला, "काका, झाली का ऐंशी?" बायको म्हणाली, "लग्नाच्या दिवशी इतक्या वेळेवर उठला नव्हतात." वीसच्या जवळ जायलाही मी भ्यायचो. तीसच्या खाली काटा आला की गाडी जागची हलत नसे. हिला भजनाला जायचं असेल तर मी म्हणे, "आज अठ्ठावीस आहे, रिक्षानं जा." ती जायची. डायरीच्या पहिल्या पानावर मी हिशेब मांडून ठेवला होता: अपेक्षित आयुष्य, बारा वर्षं.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही तीन महिन्यांसाठी मुलीकडे गेलो. निघताना मी गाडी बरोबर पन्नास टक्क्यांवर ठेवली, प्लग काढला, गाडी सावलीत लावली. लांब मुदतीसाठी उभी ठेवायची तर हेच योग्य आहे. परत आलो, किल्ली दाबली, दार उघडेना. माझ्या पोटात खड्डा पडला. सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला, त्यानं बॉनेट उघडून हसतच एक लहानशी काळी पेटी दाखवली. या गाड्यांतही दिवे, कुलपं, आतला संगणक यांना जागं करण्यासाठी बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असते, आणि माझ्या गाडीत ती आमच्या बोळातल्या त्या जुन्या ओळखीची, शिशाची निघाली. मोठ्या बॅटरीचे पन्नासाचे जवळजवळ पन्नास शिल्लक होते. धाकटी उपाशी राहून दगड झाली होती. तेव्हापासून गावाला जाताना शेजारच्या मुलाला किल्ली देऊन जातो. तो दहा-बारा दिवसांनी गाडी थोडा वेळ चालू करून ठेवतो.

हे सगळं मी हसत-हसत सांगण्यासारखं होतं. मग २०२४ चा जुलै आला.

बायकोची थोरली बहीण साताऱ्याला एकटी राहते. अक्का. चौऱ्याहत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. आई लवकर गेल्यामुळे धाकट्या बहिणींना त्यांनीच वाढवलं. रात्री सव्वानऊला त्यांच्या शेजारणीचा फोन आला. अक्का मागच्या अंगणात पाय घसरून पडल्या होत्या, उठता येत नव्हतं, हॉस्पिटलात हलवत होते. बाहेर मुसळधार पाऊस. टॅक्सीवाल्यांना विचारलं, एक नाही म्हणाला, दुसरा म्हणाला तासाभरानं बघतो. गाडी खाली उभी होती. चौतीस टक्के. त्या दिवशी सकाळी लावता आली असती, पण चौतीस म्हणजे माझ्या शिस्तीत उत्तम आकडा होता.

पुण्यापासून सातारा एकशेदहा-पंधरा किलोमीटर. माझ्या गाडीचा एक टक्का साधारण दोन किलोमीटर चालतो. म्हणजे सत्तरेक किलोमीटरची बेगमी होती, आणि शिरवळच्या अलीकडे एका हॉटेलाच्या आवारात चार्जर आहे हे मला ठाऊक होतं. पंधरा मिनिटांत निघालो. कात्रजच्या बोगद्याचा चढ, वायपर, काचेवरचं धुकं घालवायला एसी. खेड-शिवापूर गेलं. कापूरहोळला आकडा सतरा होता. मी मनात गणित करत होतो, जमतंय. आणि कापूरहोळ मागे टाकून दोन मिनिटं होतात न होतात तोच आकडा सतराचा एकदम आठ झाला. सोळा नाही, पंधरा नाही. आठ.

एसी बंद केला, काच खाली घेतली, पाऊस आत येऊ दिला आणि ट्रकच्या मागे चाळीसच्या वेगानं गेलो. चार्जरशी पोचलो तेव्हा पाच टक्के उरले होते. दोन नळ्यांपैकी एक बंद. दुसरीवर एक गाडी लागलेली, तिचा आकडा नव्वदच्या पुढे, मुंगीच्या पावलानं चाललेला. गाडीत एक पंचविशीचा मुलगा होता. मी त्याला काय सांगितलं ते आठवत नाही. त्यानं लगेच उतरून नळी काढली आणि स्वतःच्या हातानं माझ्या गाडीला लावली. पुढे खंबाटकीचा घाट चढायचा होता, म्हणून पंचावन्नपर्यंत तरी थांबणं भाग होतं. चाळीस मिनिटं.

त्या चाळीस मिनिटांत बायको एकदाच बोलली. शेजारणीशी फोन झाला होता, खुबा मोडला आहे असं डॉक्टर म्हणत होते. फोन मांडीवर ठेवून ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "अहो, ही बॅटरी किती वर्षं टिकवायची ठरवलीयत तुम्ही?"

डायरीत लिहिलेलं उत्तर मला पाठ होतं. मी गप्प बसलो.

साताऱ्याला पोचायला दीड वाजला. अक्का शुद्धीत होत्या. हिला बघून म्हणाल्या, "इतक्या पावसात कशाला आलात?" दोन दिवसांनी ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. आम्ही तासभर आधी पोचलो असतो तर वैद्यकीयदृष्ट्या काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मी तो मुद्दा घरात कधी काढलेला नाही.

पुढच्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरला गेलो ते भांडायलाच. सतराचा आठ होतो म्हणजे काय? काटा आहे की लॉटरी? तिथल्या मुलानं संगणक जोडला आणि विचारलं, "काका, शेवटचं शंभर टक्के कधी केलं होतं?" मी अभिमानानं म्हणालो, "गेल्या दिवाळीत!" त्यानं हातातली वायर खाली ठेवली. "गाडीबरोबर पुस्तक दिलंय ना, ते वाचलंत का?"

वाचकहो, आयुष्यभर कर्जदारांना मी हेच विचारत आलो. करार वाचलात का?

पुस्तकात लिहिलं होतं: आठवड्यातून एकदा साध्या चार्जरवर पूर्ण शंभर टक्के करा. कारण लिथियमच्या बॅटऱ्याही एका जातीच्या नसतात. जावयाच्या गाडीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची होती. ती रोजच्या वापरात ऐंशीपर्यंतच भरावी, हे खरंच. माझ्या गाडीत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच विजेच्या गाड्यांत, लोह आणि फॉस्फेटची असते. हीसुद्धा गुडइनफ यांच्याच टेक्सास विद्यापीठातल्या गटाची देणगी. १९९७ सालच्या त्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. स्वस्त, दणकट, सहसा पेट न घेणारी. पण तिचा एक स्वभाव आहे. नव्वदला असो की तीसला, तिचा विजेचा दाब जवळजवळ सारखाच राहतो. चेहऱ्यावरून काही कळत नाही.

मग गाडी टक्के कशावरून सांगते? आत किती वीज गेली, बाहेर किती आली, याच्या नोंदी ठेवून. म्हणजे खतावणी! रोजचं जमा, रोजचं नावे, शिल्लक. आणि खतावणीत बारीकसारीक चुका राहतातच. कुठे पाव युनिट इकडचं तिकडे होतं. आमच्याकडे महिनाअखेरीला बुकं बॅलन्स करताना आठ आणे जुळेनात म्हणून रात्री दहापर्यंत आम्ही शाखेत बसलेलो आहोत. ते आठ आणे कुणी खिशातून टाकू दिले नसते, कारण आज आठ आण्यांचा फरक दिसतो, त्याच्या पोटात उद्या आठ हजार लपलेले असू शकतात. या बॅटरीची रोकड मोजण्याची जागा फक्त टोकाला आहे. शंभराजवळ गेल्यावर तिचा दाब झटकन वर चढतो, तेव्हा गाडीला खात्रीनं कळतं की ही भरली, आणि ती खतावणी दुरुस्त करून घेते. शिवाय बॅटरीत शंभराच्या आसपास सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांतले मागेपुढे झालेले सेल समान पातळीला आणण्याचं कामही तिथेच होतं. मी आठ महिने बुकं बॅलन्स केलीच नव्हती. खालच्या टोकाला दाब पुन्हा ढासळायला लागला, तेव्हा गाडीनं तिजोरी उघडून पाहिली आणि घाईघाईनं खरी शिल्लक सांगितली. कापूरहोळला.

म्हणून आता उलट्या टोकाला जाऊन रोज शंभर करायचं का? तसंही नाही. कॅनडातल्या डलहौझी विद्यापीठातल्या जेफ डान यांच्या गटानं २०२४ मध्ये याच लोह-फॉस्फेटच्या सेलवरचं काम प्रसिद्ध केलं. भरलेल्या अवस्थेत, विशेषतः उष्णतेत, सतत वापरलेले सेल लवकर थकतात, खालच्या पातळीवर वापरलेले जास्त टिकतात. पापुद्र्याचा नियम हिलाही चुकत नाही, फक्त ही जास्त सोशीक. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांभाळायच्या, तर उपाय सोपा आहे: शंभर करायचं, पण करून ठेवून द्यायचं नाही. सकाळी निघायचं असेल तर रात्री अशा बेतानं लावायची की निघायच्या आधी तासभर भरून व्हावी.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांचा एक निबंध आला, तो वाचून मी जरा खजील झालो. प्रयोगशाळेत बॅटऱ्यांची परीक्षा करताना त्या एकाच संथ गतीनं उतरवतात. या मंडळींनी खऱ्या रस्त्यासारख्या उतरवल्या: थांबणं, निघणं, वेग घेणं, ब्रेक. त्या बॅटऱ्यांचं आयुष्य ३८ टक्क्यांपर्यंत जास्त भरलं. म्हणजे कर्वे रोडचे सिग्नल आणि हिचं भजन यांनी गाडीचं काही वाईट होणार नव्हतं. मी रिक्षाचे पैसे उगीच घालवले.

आता आमच्या घरी असं चालतं. सोमवार ते शुक्रवार चाळीसच्या खाली गेली की लावायची, ऐंशी-पंच्याऐंशीला जमेल तेव्हा काढायची. नव्वद झाली तर झाली. अडीचचा गजर बंद. शनिवारी रात्री लावायची ती रविवारी सकाळी शंभर होण्यासाठी, आणि रविवारी कुठेतरी जायचंच. उन्हातून आल्या-आल्या प्लग लावायचा नाही, अर्धा-पाऊण तास गार होऊ द्यायची. माझ्या गाडीत बॅटरीभोवती पाणी फिरतं, ती स्वतःला सांभाळते, तरी ही सवय फुकटची आहे. डोंगरावर मुक्काम असेल तर तिथे पूर्ण भरत नाही. उतारावर ब्रेकमधून वीज परत येते, तिला शिरायला जागा हवी, आणि भरलेल्या बॅटरीत ती सोय जवळजवळ बंदच पडते. घरात कुणी म्हातारं, आजारी असेल तर रात्री साठच्या खाली गाडी झोपवायची नाही. हा शेवटचा नियम कुठल्या पुस्तकात नाही, हिनं केलेला आहे. नवी गाडी घेणाऱ्यांनी दुकानातच विचारून घ्यावं, बॅटरी कुठल्या जातीची. विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर पुस्तक मागावं आणि चार्जिंगचं पान तिथेच उभ्यानं वाचावं. दर वर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी बॅटरीची प्रकृतीही तपासून मिळते. माझीची मागच्या खेपेला चौऱ्याण्णव टक्के निघाली. डायरी बंद केली आहे, म्हणून आकडा आठवणीतून सांगतोय.

अक्का आता आमच्याकडेच असतात. काठी घेऊन हिंडतात-फिरतात. साताऱ्याच्या नळाला दिवसाआड पाणी यायचं त्या काळातली त्यांची सवय आहे, शनिवारी रात्री जेवणं झाली की त्या आतून विचारतात, "भाऊजी, गाडी भरायला लावली का?"

मागच्या रविवारी त्यांना त्यांचं घर बघायचं होतं. दारं-खिडक्या उघडून हवा खेळवायची, परसातल्या पारिजातकाला बघायचं. सकाळी सातला शंभर टक्क्यांवर निघालो. अक्का मागे बसल्या होत्या, शेजारी थर्मास. कापूरहोळ आलं. तिथे आमच्यात कुणी काही बोलत नाही. पण या वेळी ही माझ्याकडे झुकली आणि काट्याकडे बघत म्हणाली,

"किती?"

"ब्याऐंशी."

"खरे की तुमचे?"

"खरे," मी म्हणालो. मागून अक्कांनी चहाचं झाकण भरून पुढे केलं.